जुन्या गावावरचा वारा

परक्या मुलखात जाऊन आलेल्या माणसानं प्रवासाची हकीकत सांगावी, हे ठीक. मी मात्र सिकंदराबादहून नाशिकला जाऊन आलो, म्हणजे ज्या मातीत रांगलो तिथेच. तरीही ही हकीकत लिहावीशी वाटते, कारण या खेपेला मी जिथे गेलो तिथे माझं पाऊल पूर्वी कधी पडलं नव्हतं. आमच्या घरापासून सायकलनं सहज गाठता येईल अशी ती जागा. पण तिथे पोहोचायला मला फौजेत भरती व्हावं लागलं, अर्धा देश फिरावा लागला आणि पस्तिशी ओलांडावी लागली.

ती जागा म्हणजे गंगापूर धरण. नव्वदचं दशक सरत आलं होतं, श्रावण चालू होता, आणि त्या वर्षीची विंडसर्फिंगची राष्ट्रीय स्पर्धा धरणाच्या पाण्यावर घ्यायचं ठरलं होतं. नोटीस बोर्डावर नाशिकचं नाव वाचलं तेव्हा माझा मित्र मुथू पाठीवर थाप मारून म्हणाला, "तेरा घर! अब तो तू जीत गया." मी हसलो. घर माझं होतं, पण ते पाणी माझं नव्हतं, हे त्याला कसं सांगणार?

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो, कारण आमच्याकडे पोहणं आणि होडी यापलीकडे पाण्यावरचा खेळ फारसा कुणाला माहीत नाही. माणसापेक्षा लांब एक फळी असते, तिला बोर्ड म्हणतात. तिच्या मधोमध डोलकाठी उभी असते, पण घट्ट नाही, चहूकडे झुकेल अशा सांध्यावर. डोलकाठीला शीड. आपण फळीवर उभं राहायचं, शिडाला आडव्या बसवलेल्या दांडीला धरायचं आणि वारा जसा ओढील तसं अंग मागे टाकून त्याला तोलायचं. सुकाणू नाही, इंजिन नाही. जोर कमी पडला तर शिडासकट आपण पाण्यात. आणि पाण्यात पडलेलं शीड उचलणं म्हणजे भिजलेली सतरंजी विहिरीतून दोरानं ओढून काढण्यासारखं. पाण्यात बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, सोडलेले असतात, त्यांना वळसे घालून जो पहिला येईल तो पहिला.

हे मी फौजेत शिकलो. भरती झालो तेव्हा मला फक्त पोहता येत होतं, तेही विहिरीत शिकलेलं. धरण जवळ असून विहिरीत का, तर आमच्या नानांची सक्त ताकीद होती: "त्या पाण्याकडं जायचं नाय." नाना म्हणजे माझे वडील. त्यांचं गाव त्या पाण्याखाली आहे. धरण बांधलं तेव्हा ते मिसरूड फुटलेले पोरगे होते. आजोबांनी सामान बैलगाडीत घातलं आणि खाली गोवर्धनला येऊन भाजीपाल्याचा मळा केला. पाणी चढलं त्या वर्षापासून नाना धरणावर गेले नाहीत. कडक उन्हाळ्यात पाणी हटतं, जुन्या गावातल्या घरांची जोती वर येतात. तेव्हा आमच्या भावकीतले म्हातारे नारळ घेऊन तिथे जातात, ओळखीच्या दगडांना हात लावून येतात. नाना नाही गेले. गावाबद्दल त्यांच्या तोंडून मी एकही वाक्य ऐकलेलं नव्हतं. जे काही माहीत होतं ते आत्याकडून.

नाशिकरोड

आमचे बोर्ड ट्रकनं आधीच गेले होते. डोलकाठ्या आणि शिडं मात्र आम्ही आगगाडीतून आणली. लांबच लांब कापडी पिशव्या फलाटावर उतरवताना एक हमाल बराच वेळ बघत उभा राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "सर्कस कुठं लागायची हाय?"

"धरणावर," मी म्हणालो.

"पाण्यावर सर्कस!" तो म्हणाला, आणि डोक्यावरचं गाठोडं सावरत हसत निघून गेला.

इतक्या दिवसांनी कानावर 'हाय' पडलं आणि माझ्या आत काहीतरी सैल झालं. फौजेत मी दिवसभर हिंदी बोलतो, घरात बायको पुण्याची, तिचं मराठी शुद्ध. त्यामुळे माझंही शुद्ध झालं आहे. रजेवर गेलो की पहिला दिवस आई माझ्याकडे पाहुण्यासारखी बघते.

शहरात न्याहारीला थांबलो. मुथू रामेश्वरकडचा, कोळ्याच्या घरातला. त्याला मिसळ खिलवायचं मी गाडीतच कबूल केलं होतं. मिसळ आली, सोबत तर्रीची वाटी आली. लालभडक तेलाचा तवंग बघून त्याला वाटलं हे त्यांच्याकडचं रसम. मी काही बोलायच्या आत त्यानं वाटी उचलून तोंडाला लावली. पुढचा काही वेळ त्याला बोलता येईना. डोळ्यांतून धारा, कान लाल. हॉटेलवाल्यानं न सांगता दही पाठवलं, मागोमाग जिलबी. थोडा सावरल्यावर मुथू म्हणाला, "तुम लोग सुबह-सुबह आग खाते हो?" आणि मग पुन्हा ती वाटी स्वतःकडे ओढून घेतली. स्पर्धा संपेपर्यंत त्याला रोज सकाळी मिसळ हवी असायची.

धरण

धरण मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. डोंगर हिरवेगार, पश्चिमेला अंजनेरीचा माथा ढगात अर्धा बुडालेला, आणि खाली हे एवढं पाणी. मी गोव्याचा समुद्र पाहिला आहे, चेन्नईचा पाहिला आहे, त्यांच्यापुढे हे काहीच नाही. पण समुद्राकडे बघताना त्याच्या तळाशी काय असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. इथे दुसरं काही मनात येईना.

काठावर तंबू लागले होते. फौजेचे, नौदलाचे, गोव्याचे, मुंबईचे, चेन्नईचे असे खेळाडू जमले होते. सगळीकडे शिडं पसरलेली, जणू कुणी प्रचंड पतंग वाळत घातले आहेत. आमच्या संघाचे साहेब माझ्याजवळ आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तू तो यहाँ का है. बता, हवा किधर से घूमेगी?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. या पाण्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा उभा होतो, हे कबूल करायची लाज वाटली. मी अंजनेरीकडे बघितलं, मान डोलावली आणि गंभीरपणे म्हणालो, "डाव्या काठानं. दुपारी वारा डोंगराला वळसा घालून डाव्या काठानं येतो."

दुपारी सरावाला आमचा सगळा संघ डाव्या काठानं गेला. तिथे टेकडीच्या आडोशाला वाऱ्याचं नाव नव्हतं. आम्ही शिडं धरून ताटकळत उभे, आणि मुथू एकटा उजवीकडून सूं करून निघून गेला. त्यानं माझं ऐकलंच नव्हतं. परत आल्यावर म्हणाला, "मैं पानी देखता हूँ. जिधर काला, उधर हवा." वारा चालतो तिथलं पाणी सुरकुतून काळं दिसतं. त्या दिवसानंतर साहेबांनी मला वाऱ्याबद्दल काही विचारलं नाही.

गोवर्धन

संध्याकाळी साहेबांनी घरी जाऊन यायची परवानगी दिली. माझा धाकटा भाऊ रघू मोटारसायकल घेऊन आला होता. मळा तोच पाहतो.

ओसरीवर नाना गवारीच्या जुड्या बांधत बसले होते. सकाळच्या बाजाराची तयारी. मी पायाला हात लावला. त्यांनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्यातला दोरा सोडला नाही.

"कोणत्या गाडीनं आला?"

सांगितलं.

"पोरं बरी हायेत?"

"बरी आहेत."

"बरी आहेत," त्यांनी माझेच शब्द घोळवून म्हटले, आणि किंचित हसले. मला ते लागलं. त्यांना लावायचं नव्हतं, तरी लागलं.

आईनं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, गिलक्याची भाजी, ठेचा आणि विरजणाच्या गाडग्यातलं घट्ट दही. गिलकी म्हणजे आमच्याकडची घोसाळी. सिकंदराबादच्या बाजारात मिळतात, बायको करतेही चांगली. पण वेलावरून उतरवून लगेच चिरलेल्या गिलक्याला जो गोडवा असतो तो पिशवीतून आलेल्याला कुठून येणार? मी भाकरीवर भाकरी घेत राहिलो. आई समोर बसून बघत होती.

"कसली रे शर्यत हाय?" तिनं विचारलं. "पोहायची?"

"पोहायची नाही, आई. पाण्यावर उभं राहून वारा धरायचा."

"अन् कुठं हाय ती?"

घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रघूनं आधीच सांगितलेलं असणार. आईनं मुद्दाम विचारलं, माझ्या तोंडून नानांच्या कानावर पडावं म्हणून.

"धरणावर," मी म्हणालो.

नानांचे हात चालूच होते. जुडी बांधली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

मी हात धुतले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो. गाडीत सगळ्या वाटेनं मी काय बोलायचं ते जुळवत आलो होतो. त्यातलं काही आठवेना. "नाना, माझी ही शेवटची," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी नवीन पोरांना घेतील. इतकी वर्षं खेळलो, घरच्या कुणी पाहिलं नाही. तुम्ही एकदा या. शेवटच्या दिवशी. रघू आणून सोडील."

"तिथं काय हाय बघायला?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पाणीच हाय ना."

"मी आहे ना, नाना."

दोऱ्याची गाठ आवळत ते रघूला म्हणाले, "उद्या दोडक्याचा मांडव बघून घे. लय वारा सुटलाय." रघू मला सोडायला उठला. निघताना आईनं शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, "तुझ्या त्या मद्राशालाबी दे" म्हणून. तिला सगळा दक्षिण भारत मद्रासच.

पाण्यावर

नंतरचे दिवस वाऱ्याचे होते. श्रावणातला वारा लहरी. सरीच्या आधी एकदम भरून यायचा, सर गेली की पडायचा, मग ऊन पडून सगळं पाणी चांदीसारखं लखलखायचं आणि डोळे मिटून घ्यावे लागायचे. मुथू एकामागून एक शर्यती मारत सुटला होता. मीही बरा चाललो होतो. गोव्याचा एक काटक गडी आणि मी, तिसऱ्या जागेसाठी आमची चढाओढ लागली होती. एका शर्यतीत तो पुढे, एका शर्यतीत मी.

पण खरं सांगायचं तर माझं लक्ष पुरतं खेळात नव्हतं. धरणाच्या मधल्या भागातून जाताना दर वेळी मनात यायचं, आत्या सांगते तो पार इथे असेल का? इथून नदी वळत असेल का? गोडं पाणी समुद्रासारखं आपल्याला वर उचलून धरत नाही, फळीच्या पोटाशी नुसतं चुबकचुबक आवाज करत राहतं. वारा भरला की तो आवाज थांबतो, फळी पाण्यावर उठते, पायाखालून थरथर येते आणि माणसाला वाटतं की आता थांबूच नये. हे सुख मी पुष्कळ ठिकाणी घेतलं आहे. इथे त्यात काहीतरी मिसळलेलं होतं. ज्याच्या अंगणात खेळतो आहोत तो घरधनी आपल्याला बघायला येत नाही, असं काहीसं.

एकदा पडलो तेव्हा मुद्दाम डोळे उघडे ठेवले. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. माझा स्वतःचा हातही कोपरापर्यंतच दिसत होता. वर आलो आणि शीड उचलायला लागलो.

शेवटच्या दिवशी सकाळपासून काठावर माणसं जमायला लागली. रविवार होता. शहरातून कुटुंबं आली होती, कणसं भाजणारे आले होते, छत्र्याच छत्र्या. मी सकाळपासून तिकडे बघत होतो. रघू दिसला नाही, नाना दिसले नाहीत. साहेब म्हणाले, "आज आखिरी रेस है. गोवावाले से आगे रहना है, बस." हिशेब सोपा होता. तो माझ्या मागे राहिला तर तिसरं पदक माझं.

सुटताना मी चांगला सुटलो. पहिल्या बोयाला तो माझ्या मागे होता, दुसऱ्याला आणखी मागे. मुथू तर केव्हाच पुढे गेला होता, त्याचं निळं शीड दूर लहानसं दिसत होतं. शेवटचा पल्ला काठाला समांतर होता. वारा पाठीशी, आणि काठ इतका जवळ की माणसांचे आवाज ऐकू येत होते. मी मान वळवली.

काठावर पुष्कळ धोतरं होती, पुष्कळ पांढऱ्या टोप्या होत्या. मी एकेक चेहरा बघत गेलो. किती वेळ बघितलं कोण जाणे. मुथूनं शिकवलेलं ते काळं पाणी माझ्या उजव्या हाताला येऊन ठेपलं होतं आणि मला ते दिसलं नाही. वाऱ्याचा झोत शिडावर आला, दांडी हातातून सुटली आणि मी पाठीवर पाण्यात.

दोर धरून शीड ओढायला लागलो. निम्मं वर आलं आणि पुन्हा पडलं. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा गोव्याचा गडी माझ्या बाजूनं निघून गेला होता. त्यानं जाताना वळून पाहिलं, मला लागलं नाही ना याची खात्री केली, आणि गेला. मी त्याच्या मागे गेलो, अंगातलं सगळं बळ लावून गेलो. पण काठ आला.

काठावर

फळी ओढत उथळ पाण्यात आलो तेव्हा मला कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं. खाली मान घालून शीड सोडवत होतो. तेवढ्यात मुथूची हाक आली.

वर बघितलं. आमच्या तंबूपुढे एका उलट्या बोर्डावर मुथू बसला होता, आणि त्याच्या शेजारी नाना. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, टोपी नीट, काखेत छत्री. मुथूचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरलेला. दोघांमध्ये आईचे लाडू.

मी तसाच निथळत पुढे गेलो. नाना माझ्याकडे बघत राहिले. मग मुथूच्या निळ्या शिडाकडे बघितलं, मग माझ्या पिवळ्या शिडाकडे.

"तो निळा तू नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाना. निळा हा. मी पिवळा."

"मग म्या सकाळधरनं यालाच बघितलं म्हणायचं," ते म्हणाले.

रघूनं त्यांना सकाळीच आणून सोडलं होतं आणि तो भाजी घेऊन बाजाराला गेला होता. मला सांगायचं नाही, असं नानांनीच त्याला बजावलं होतं. ते कणसवाल्यांच्या मागे एका दगडावर बसून राहिले. सगळ्यांत पुढे जो चालला आहे तोच आपला, असं त्यांनी धरून टाकलं. निळं शीड पहिलं आलं तेव्हा ते उठले आणि सरळ त्याच्याकडे चालत गेले.

पुढचं मुथूनं सांगितलं. "सीधा पानी में आ गए. मेरा हाथ पकड़ा. मुँह देखा. समझ गए कि मैं तू नहीं." नानांनी धरलेल्या हाताकडे त्यानं मानेनं खूण केली. "फिर भी हाथ नहीं छोड़ा."

मी नानांच्या पायाशी बसलो. म्हणालो, "नाना, मी चौथा आलो. पदक गेलं. शेवटी पडलो."

"यानं सांगितलं," नाना म्हणाले. मुथूनं त्यांना हातानं करून दाखवलं असणार. "त्याला मराठी येत नाय, पण समजतं सगळं."

मग त्यांनी पाण्याकडे बघितलं. माणसं पांगायला लागली होती, बोये काढणारी मोटरबोट काठाला उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "ती नाव आत घेऊन जाते का?"

मी साहेबांना विचारलं. साहेबांना मी सगळं सांगितलं नाही, फक्त म्हणालो, वडिलांचं गाव या पाण्याखाली आहे. त्यांनी स्वतः येऊन नानांना नमस्कार केला आणि बोटवाल्या जवानाला सांगितलं, "पिताजी जहाँ बोलें, वहाँ ले जाओ."

मुथूनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. नाना बोटीत बसले. छत्री त्यांनी मांडीवर आडवी ठेवली. सुरुवातीला ते दोन्ही हातांनी कड घट्ट धरून होते. मग बोटीच्या चालीची सवय झाली आणि एक हात सुटला. त्या हातानं ते दाखवायला लागले. आणि बोलायला लागले.

"मारुतीचं देऊळ नदीला लागून होतं. देवळाला लागून आपला ओटा. ओट्यावर बसलं का अंजनेरीचं टोक दिसायचं, बरोबर चिंचेच्या वर. तुझी आजी म्हणायची, टोक ढगात गेलं का वाळवण उचला. अजून थोडं पुढं घे."

बोट पुढे गेली. त्यांनी अंजनेरीकडे बघितलं, डोळे बारीक केले.

"नाय. डाव्या अंगाला."

डावीकडे गेलो. त्यांनी पुन्हा बघितलं. "इथं असंल." थोडं थांबून, "नाय. इतकं लांब नव्हतं." मग पुन्हा उजवीकडे. मग मागे. जवान कंटाळला नाही, ते सांगतील तसा वळत गेला. पाणी सगळीकडे सारखंच होतं. शेवटी नानांनी हात खाली घेतला.

"अंजनेरी तर सगळीकडूनच दिसतीय," ते म्हणाले.

जवानानं इंजिन बंद केलं. बोट वाऱ्यानं हळूहळू आपोआप सरकत होती. नानांचा चेहरा मला दिसत नव्हता, ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. कानामागचे पांढरे केस वाऱ्यानं उडत होते. मला वाटलं, त्यांना इथे आणून मी चूक केली. इतकी वर्षं त्यांच्या मनात ते गाव आपल्या जागी होतं.

मग ते मागे वळले.

"तू कुठं पडला होता?"

"मी?" मला कळेना. "तिकडे. त्या टेकडीच्या अलीकडे."

"चल तिकडं."

इंजिन चालू झालं. काठाजवळच्या त्या पाण्यावर आलो. मी अंदाजानं हात केला. नाना बोटीच्या कडेवरून वाकले आणि त्या पाण्याकडे बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या, एक वाहत आलेलं पळसाचं पान.

"इथं?"

"इथेच कुठंतरी."

"लागलं का?"

"नाय, नाना," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. बोट परत काठाला लागली. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो रघूची मोटारसायकल येईपर्यंत तिथेच होता.

ओलं धोतर पिळून घ्या, असं मी म्हणालो तर "घरी गेल्यावर वाळंल" म्हणाले आणि तसेच मागे बसून गेले.

बक्षीस समारंभ झाला, सामान बांधलं. आमची गाडी संध्याकाळची होती, त्यामुळे घरी पुन्हा जाणं होणार नव्हतं. ट्रकमध्ये मी मागच्या फाळक्याशी बसलो होतो. गंगापूर रोडनं उतरत गोवर्धनपाशी आलो तेव्हा ऊन कलतं होतं. रस्त्यावरून आमचा मळा दिसतो, दोडक्याचा मांडव दिसतो, ओसरी दिसते. ओसरीत कुणी नव्हतं. अंगणातल्या तारेवर नानांचं धोतर वाळत घातलं होतं. पश्चिमेचा वारा भरात होता आणि धोतर वाऱ्यानं असं फुगलं होतं की सगळी तार त्याच्याबरोबर ओढली जात होती. ड्रायव्हरला हाक मारायला मी उठून उभा राहिलो. तोवर वळण आलं.